चहा सांडल्यानंतरचे चौदा तास

पुण्याच्या नारायण पेठेत घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावण्याचं काम करणाऱ्या एका ताईंचा हा लॅपटॉप. सप्टेंबर संपत आलेला, म्हणजे दिवाळी अंकांची ऐन घाई. एक अंक छापखान्यात गेला होता, दुसऱ्याचे शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पानं, लावायची राहिली होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला कोपराचा धक्का लागला आणि भरलेला कप कीबोर्डच्या डाव्या बाजूवर लवंडला. आलं घातलेला, दूध-साखरेचा चहा. चार्जर लावलेला, स्क्रीन चालू, फाइल उघडी.

मी मदरबोर्डची चिप लेव्हल दुरुस्ती करतो, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचे बिघडलेले बारीक भाग बदलतो. चहा, पाणी, सरबत सांडलेली मशीन माझ्याकडे सतत येतात. त्यातलं हेच प्रकरण ताईंना विचारून सविस्तर लिहितो आहे, कारण अशा वेळी माणसं चांगल्या हेतूने जे जे करतात ते जवळजवळ सगळं त्या घरात त्या रात्री झालं आणि प्रत्येकाची खूण नंतर बोर्डवर सापडली. माझं म्हणणं एवढंच की हा बोर्ड नुसत्या चहाने गेला नाही. ओल्या बोर्डला वीज मिळत राहिली, म्हणून गेला. ती वीज तोडणं पहिल्या मिनिटात घरातल्या माणसाच्याच हातात असतं. मशीन माझ्या टेबलावर येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

संध्याकाळी पाच ते सकाळी सात

ताईंनी आधी पदराने, मग फडक्याने वरवरचा चहा पुसला. फाइल सेव्ह केली, उघडे असलेले प्रोग्राम एकेक करून बंद केले आणि मेनूतून रीतसर शट डाउन दिलं. यात चार-पाच मिनिटं गेली. तोवर चार्जर लागलेलाच होता. नंतर तो काढला, लॅपटॉप उलटा केला, थोडा चहा गळला. उलटा करणं बरोबर होतं, पण चार्जर काढणं त्याच्या आधी यायला हवं होतं.

मग त्यांच्या दिरांनी हेअर ड्रायर आणला आणि कीबोर्डवर गरम हवा मारली. डाव्या बाजूच्या दोन-तीन कीज त्या उष्णतेने किंचित वाकल्या होत्या, त्या मी पाहिल्या. वरून मारलेली हवा कीजखालचा चहा उडवत नाही, त्याला फटींतून आणखी आत ढकलते. त्यातलं पाणी काही प्रमाणात उडतं, पण साखर आणि दूध जागच्या जागी आटतं.

रात्री सासूबाईंनी तांदळाचा मोठा डबा रिकामा करून दिला. लॅपटॉप त्यात रात्रभर पुरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी खालचं झाकण उघडलं तेव्हा पंख्याच्या जाळीत इंद्रायणीचे दाणे अडकलेले होते, एक यूएसबीच्या खोबणीत होता आणि चहा लागलेल्या जागी तांदळाची पांढरी भुकटी चिकटून बसली होती.

सकाळी सात वाजता चार्जर लावून बटण दाबलं आणि लॅपटॉप चालू झाला. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताई कामाला बसल्या, दोन जाहिराती जागेवर बसवल्या. पाऊण तासाने स्क्रीन एकदम काळी झाली, जळल्याचा बारीक वास आला आणि त्यानंतर चार्जरचा दिवासुद्धा लागेना.

तांदूळ का चालत नाही

हा उपाय इतक्या घरांत केला जातो की यावर थोडं थांबायला हवं. तांदूळ ओलावा ओढतो हे खरं, पण डब्यातला तांदूळ आधीच घरातल्या हवेइतका ओलावा घेऊन बसलेला असतो, आणि पुण्यात सप्टेंबरची हवा काही कोरडी नसते. चिप आणि बोर्ड यांच्यामधली फट इतकी अरुंद असते की द्रव तिथे स्वतःहून ओढला जातो आणि धरून ठेवला जातो. बाहेर ठेवलेला तांदूळ तिथवर पोचत नाही. २०२४ मध्ये ॲपलनेही आपल्या मदतपानावर भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं लिहिलं.

याहून मोठा मुद्दा असा की पाणी उडून गेलं तरी काम भागत नाही. चहातली साखर, दुधातले क्षार आणि प्रथिनं मागे राहतात. साखरेचा थर पाकासारखा चिकट असतो आणि हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतो. म्हणजे वरून सुकलेला दिसणारा बोर्ड आत ओलसरच राहतो. ‘पाणीच सांडलं होतं’ असं सांगणाऱ्यांनाही हे लागू आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात विरघळलेले क्षार असतातच आणि वीज त्या क्षारांमुळे वाहते. पूर्ण शुद्ध पाण्यातून ती फारशी वाहत नाही.

बंद म्हणजे किती बंद

ताईंचा प्रश्न अगदी रास्त होता. ‘दादा, रात्रभर तर बंदच होता ना, मग रात्रीत काय बिघडणार?’

पूर्वीच्या लॅपटॉपची बॅटरी खालून खटका सरकवून काढता यायची. आता ती झाकणाच्या आत स्क्रूने बसवलेली असते आणि कनेक्टरने बोर्डला कायम जोडलेली असते. ताईंच्या मशीनमध्ये तीन सेलची बॅटरी होती, म्हणजे साधारण ११ व्होल्ट. शट डाउन केल्यावर पडदा आणि प्रोसेसर झोपतात, पण बॅटरीचा दाब बोर्डच्या काही भागांवर राहतोच, आणि पॉवरचं बटण कधी दाबलं जातंय हे पाहणारा एक छोटा कंट्रोलर जागा असतो. चार्जर लावला की १९ व्होल्टची आणखी एक लाइन जिवंत होते.

ओल्या, खारट थरात दोन ठिकाणांमध्ये व्होल्टेजचा फरक राहिला की धातू जागा सोडू लागतो. धन टोकाचं तांबं विरघळतं, ऋण टोकाकडे सरकतं, तिथे साचतं. कधी त्याचे केसाहून बारीक धागे तयार होऊन दोन्ही टोकं जोडली जातात. वीज नसेल तर हेच गंजणं फार संथ चालतं. म्हणून बॅटरीचा कनेक्टर काढून ठेवलेला भिजका बोर्ड काही दिवसांनी आला तरी अनेकदा धुऊन सावरतो, आणि बॅटरी जोडलेला बोर्ड एका रात्रीत खराब झालेला मी पाहतो.

सकाळी तो चालू का झाला, याचं उत्तरही यातच आहे. रात्रीत थर अर्धवट सुकला होता, म्हणून सुरुवातीला विजेची गळती कमी होती. चार्जर लावल्यावर १९ व्होल्टची लाइन पुन्हा जिवंत झाली, बोर्ड गरम झाला, आणि अर्ध्यावर आलेलं नुकसान पाऊण तासात पूर्ण झालं. भिजलेली मशीन चालू झाली म्हणजे ती वाचली, असं कृपा करून समजू नका. चालू करून बघणं हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वात महागडी पायरी होती.

आधी फाइल

मशीन हातात आल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. बाकी काही बघण्याआधी ते. त्यानंतर एसएसडी, म्हणजे फाइल साठवणारी डिस्क, काढली. या मॉडेलमध्ये ती वेगळी, एका स्क्रूने बसवलेली एम.२ पट्टी होती आणि बोर्डच्या उजव्या बाजूला असल्याने कोरडी राहिली होती. ताईंना सांगितलं, ‘आधी तुमची फाइल काढू, मशीनचं नंतर बघू.’ दुरुस्ती फसली तरी काम हातात राहावं म्हणून हा क्रम मी कधी सोडत नाही.

एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर समोर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारी खिडकी आली. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. रोजच्या वापरात त्याचा पत्ताही लागत नाही, कारण किल्ली त्याच लॅपटॉपच्या सुरक्षा चिपमध्ये असते आणि कुलूप परस्पर उघडतं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावल्यावर मात्र ती अनोळखी ठरते. ‘रिकव्हरी की’ हा शब्दच ताईंनी पहिल्यांदा ऐकला. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, आणि मला याची खरोखर काळजी वाटते. माणसं पासवर्ड पाठ ठेवतात, पण ही की कुठे आहे हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसतं.

लॅपटॉप घेतला तेव्हा सगळं सेटिंग त्यांच्या भाच्याने करून दिलं होतं, स्वतःचा ईमेल घालून. तो हिंजवडीला नोकरीला. फोन लावला. त्याने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन नोंदवलेल्या कीज उघडल्या. तिथे दोन होत्या. खिडकीत दिसणारा की आयडी वाचून दाखवला, त्याच्याशी जुळणारी निवडली आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट त्याने फोनवर सावकाश सांगितले. ड्राइव्ह उघडली. सगळं फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मगच अंकाची फाइल उघडून पाहिली. सकाळी बसवलेल्या जाहिरातींसकट ती शाबूत होती.

तो ईमेल बंद पडलेला असता किंवा भाच्याला पासवर्ड आठवला नसता, तर एकच वाट उरली असती. तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसह पुन्हा जिवंत करायचा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ताईंनी सकाळी फोन केला होता. तिथे सांगण्यात आलं की द्रव सांडल्याचं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदलावा लागेल आणि डेटाची जबाबदारी ग्राहकाची. नियम म्हणून त्यात काही वावगं नाही. पण बोर्ड बदलला असता आणि की मिळाली नसती, तर एसएसडी ठणठणीत असूनही बत्तीस पानं कायमची बंद झाली असती. ॲपलच्या २०१८ नंतरच्या मॅकबुकमध्ये तर हा प्रश्न आणखी कडक आहे. तिथे साठवण बोर्डवरच पक्की असते आणि तिचं कुलूप त्याच बोर्डवरच्या चिपशी बांधलेलं असतं. बॅकअप नसेल तर बोर्ड गेला की डेटा गेला.

फाइल घेऊन ताई सदाशिव पेठेतल्या एका मैत्रिणीकडे गेल्या. तीही अक्षरजुळणीच करते, त्यामुळे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे तेच फॉण्ट तिच्याकडे होते. ते नसतील तर जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. उरलेली पानं त्यांनी तिथे बसून लावली आणि फॉर्म वेळेत छापखान्यात गेले.

बोर्डवर काय दिसलं

मायक्रोस्कोपखाली डावी बाजू पाहिली. चार्जर जिथे जोडला जातो तिथून आत येणाऱ्या लाइनवर तपकिरी थर, त्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी वाढ. एका कपॅसिटरचं, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या बारीक तुकड्याचं, एक टोक अजून चकचकीत होतं आणि दुसरं, धन बाजूचं, काळं पडून खालच्या पॅडपासून सुटत आलेलं. एकाच तुकड्याच्या दोन टोकांत एवढा फरक वीज वाहत असल्याशिवाय पडत नाही. नुसत्या ओलाव्याने दोन्ही टोकं सारखीच मळली असती. ताईंना आयपीसवर डोळा लावून ते दाखवलं. रात्री काय चाललं होतं ते त्यांना तिथे पटलं.

डिस्प्लेचा कनेक्टर कोरडा होता, हे मोठंच नशीब. त्या कनेक्टरमध्ये पडद्यामागच्या दिव्यांना जाणारा जास्त व्होल्टेजचा पुरवठा आणि थेट प्रोसेसरला जाणाऱ्या नाजूक डेटा लाइन एकमेकींच्या जवळून जातात. तिथे ओलावा पोचला तर प्रोसेसरच जातो, आणि मग दुरुस्तीत अर्थ उरत नाही.

धुणं

लोकांना आश्चर्य वाटतं, पण भिजलेला बोर्ड मी पुन्हा भिजवतो. इथे एक गोष्ट अनेक दुरुस्तीवाल्यांकडूनही सुटते. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोर्ड साफ करायला उत्तम, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात सहज मिळतं आणि झटकन उडून जातं. पण साखर त्यात विरघळत नाही. नुसत्या आयपीएने घासलेला चहाचा बोर्ड दिसायला स्वच्छ होतो आणि पाकाचा थर चिपखाली तसाच राहतो. साखर पाण्यातच विरघळते. म्हणून हीट सिंक, पंखा, घड्याळाचा छोटा सेल, सगळं काढून बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरने आणि मऊ ब्रशने धुतला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी, नळाचं नव्हे. मग अल्ट्रासॉनिक टबमध्ये सौम्य क्लीनर घालून फिरवला, म्हणजे चिपखालचं दूध सुटावं. पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. शेवटी ९९ टक्के आयपीए. आयपीएचं काम इथे उरलेलं पाणी ओढून बाहेर काढण्याचं. नंतर बोर्ड मंद उष्णतेत बरेच तास ठेवला. घाई केली तर चिपखाली ओलावा राहतो आणि चालू करताना पुन्हा तेच घडतं.

वाळल्यावर मल्टिमीटर लावला. मुख्य लाइन आणि ग्राउंड यांच्यात एक ओहमहूनही कमी, म्हणजे सरळ शॉर्ट. या लाइनवर समांतर जोडलेले कपॅसिटर कितीतरी असतात, त्यातला नेमका कुठला गेला ते मीटर सांगत नाही. म्हणून डीसी पॉवर सप्लायने त्या लाइनला फक्त एक व्होल्ट दिला, करंटला मर्यादा घातली आणि बोर्डवर आयपीएचा पातळ थर पसरला. गेलेला तुकडा गरम होतो आणि त्याच्यावरचं आयपीए सर्वांत आधी उडतं. चार्जिंग आयसीच्या शेजारी तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एका कपॅसिटरभोवती कोरडं वर्तुळ उमटलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलेला काळा तुकडा तो नव्हताच, त्याच्या शेजारचा, वरून निर्दोष दिसणारा होता. तो काढला आणि शॉर्ट गेला. काळा पडलेलाही बदलला, खालचा पॅड बारीक तारेने पुन्हा जोडला. तरी ३.३ व्होल्टची लाइन येईना. तिथे एक रेझिस्टर गंजून तुटला होता. तोही बदलल्यावर चार्जरचा दिवा लागला.

कीबोर्ड मात्र गेला होता. या मॉडेलमध्ये तो वरच्या पॅनेलला प्लास्टिक वितळवून पक्का केलेला असतो, स्क्रूने निघत नाही, त्यामुळे पॅनेलसकट नवा मागवला. बॅटरीच्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या होत्या, म्हणून बॅटरीही नवी घातली. लिथियमच्या बाबतीत थोडं वाचवायला जाऊ नये. डावा स्पीकर फाटका वाजतो, तो ताईंनी तसाच राहू द्या म्हणून सांगितलं.

त्या पहिल्या मिनिटात

ताईंनी परत नेताना विचारलं की मग करायला काय हवं होतं. सांगितलं ते असं. भिंतीवरचा स्विच बंद करायचा आणि चार्जरची पिन उपसायची. एक्स्टेन्शन बोर्डवरही चहा गेला असेल तर त्याला हात न लावता आधी भिंतीवरूनच वीज तोडायची, कारण तिथे २३० व्होल्ट असतात. मग पॉवरचं बटण पडदा विझेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरायचं. शट डाउनच्या मेनूत जायचं नाही, सेव्ह करत बसायचं नाही. एक पान पुन्हा लावता येतं. यूएसबीला जोडलेलं सगळं काढायचं, झाकण उघडं ठेवून लॅपटॉप कीबोर्ड खाली येईल असा टेबलाच्या कडेवर पालथा घालायचा, हलवायचा-आपटायचा नाही. घरात कोणाला खालचे स्क्रू काढता येत असतील तर बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायचा. येत नसतील तर त्याच दिवशी, रात्र न जाऊ देता, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे जायचं आणि ‘आधी बॅटरी काढा’ असं स्वतः सांगायचं. बॅटरी फुगलेली वाटली, गरम झाली किंवा गोडसर वास आला तर उघडायचं नाही, फरशीवर, पडद्या-कागदांपासून लांब ठेवायचा.

काही ऑफिसच्या मॉडेलमध्ये कीबोर्डखाली द्रव वाहून जायला भोकं असतात. त्यांनी थोडा वेळ मिळतो, एवढंच. वरचं सगळं तिथेही तसंच करायचं.

रिकव्हरी की ताईंनी आता स्वतःच्या खात्यात घेतली आहे आणि एका कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. चालू अंकाचं फोल्डर रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर जातं. कामाला वेगळा, वायरचा कीबोर्ड घेतला आणि लॅपटॉप मागे स्टँडवर चढवला. साध्या कीबोर्डवर कप सांडला तर कीबोर्ड बदलला की झालं.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवली नाही. प्रोसेसरच्या खाली काय उरलंय ते बोर्ड न उखडता दिसत नाही, त्यामुळे या मशीनच्या एकटीच्या भरवशावर पुढचा अंक घेऊ नका, असं त्यांना स्पष्ट सांगितलं. फेब्रुवारीत त्या तपासणीला घेऊन आल्या. झाकण उघडून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, दुरुस्त केलेली जागा स्वच्छ होती. कीबोर्डच्या कनेक्टरजवळ एक बारीक पांढरा ठिपका नव्याने आला होता. तो साफ केला, फोटो काढून ठेवला आणि पावसाळा सुरू होण्याआधी पुन्हा आणायला सांगितलं.